चार विषय, स्वयंपाकघर मार्गे

मी कुणाचं ऐकत नाही, असा माझ्यावर घरीदारी आरोप आहे. तो मला मान्य नाही. मी सगळ्यांचं ऐकलं, एकाच आठवड्यात ऐकलं, आणि त्यातला जो सल्ला सगळ्यांत मोठ्या आवाजात दिला गेला तो घेतला. चुकलं असेल तर एवढंच.

तसं प्रकरण साधं होतं. मला ऑनलाइन मास्टर्स करायचं होतं. मी बस डेपोत वेळापत्रक विभागाचा प्रमुख आहे. म्हणजे प्रभारी प्रमुख. माझ्या टेबलावर एक पितळी पाटी असते, तिच्यावर 'प्रभारी' हा शब्द पदापेक्षा ठळक कोरलेला आहे. तो तिथे इतकी वर्षं आहे की नवीन आलेले लोक मला 'प्रभारीसाहेब' म्हणतात. त्यांना ते माझं आडनाव वाटतं. एक दिवस डेपोच्या साहेबांनी बोलावलं आणि फायलीतून मान वर न करता सांगितलं, "पुढच्या वर्षअखेरीला ही जागा कायमची भरायचीय. मास्टर्स लागेल. तुम्ही पदवी आणा, मी पाटी बदलतो."

मी घरी येऊन हिशेब मांडला. अभ्यासक्रम बारा विषयांचा, आणि वर्षअखेरीपर्यंत सत्रं तीन. चार त्रिक बारा. दुसरा कुठला पाढा लागूच पडत नव्हता.

प्रवेश घेतल्यावर विद्यापीठाच्या सल्लागार बाईंचा मेल आला. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी एका सत्रात एक विषय घ्यावा, फार तर दोन, असं त्यांनी लिहिलं होतं. मला हे लागलं. अहो, ज्या माणसाने उभ्या शहराच्या गाड्या आयुष्यभर वेळेवर सोडल्या (वेळेवर पोचल्या असं मी म्हणत नाही, तो वाहतूक विभागाचा प्रश्न आहे), त्या माणसाला कुणीतरी वेळ कसा वाटून घ्यावा हे शिकवणार? मी त्यांना सविस्तर उत्तर पाठवलं. त्यात माझा अनुभव होता, गर्दीच्या वेळेचं शास्त्र होतं, आणि शेवटी थोडा टोमणाही होता. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "विषय सोडण्याची शेवटची तारीख सोबत जोडली आहे."

तरीही मी मोकळ्या मनाचा माणूस असल्यामुळे शेजाऱ्यांना विचारलं. तळमजल्यावर आमच्या दंतवैद्यबाई राहतात. त्या म्हणाल्या, "एका वेळी एकच घ्या. चारही दाढा एकदम काढल्या तर माणूस जेवणार कशाने?" हे मी लिफ्टची वाट बघत ऐकलं. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे निवृत्त तपासनीस भेटले. पूर्वी ते शाळा तपासायचे, हल्ली आमची इमारत तपासतात. ते गरजले, "एक घाव दोन तुकडे! चारही घ्या! कुथत कुथत शिकण्यात काय अर्थ आहे?" लिफ्ट लहान, आवाज मोठा. सल्ला थेट डोक्यात गेला.

बायकोला विचारलं. ती शाळेत भूगोल शिकवते. ती म्हणाली, "झेपेल तेवढं घ्या." मला सांगा, यात सल्ला कुठे आहे? हे तर पंगतीत वाढपीसुद्धा सांगतो. मी चार विषय घेतले. वाहतूक नियोजन, संख्याशास्त्र, संशोधन पद्धती, आणि 'संघटनेतील मानवी वर्तन' नावाचा एक, ज्याचा माझ्याशी काही संबंध येणार नाही असं मला वाटलं होतं.

आता नियोजन. डेपोत त्याच सुमारास आमच्याच भागासाठी चार नवीन बसमार्गांचं काम चाललं होतं. घरात माणसं चार. मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो. चार मार्गांचा कोरा तक्ता संगणकात तयारच होता आणि हाताला दुसरं वळण नव्हतं. म्हणून घराचं वेळापत्रकही मी त्याच तक्त्यात बसवलं. मार्ग एक मी, मार्ग दोन बायको, तीन मुलगी, चार अण्णा. थांबे: स्वयंपाकघर, बाथरूम, बाल्कनी, दार. खाली टिपा. 'मार्ग चार बाथरूम थांब्यावर बारा मिनिटांहून अधिक थांबणार नाही.' 'मार्ग तीनने गर्दीच्या वेळी आरशासमोर गाडी उभी करू नये.' 'मार्ग एक व दोन यांचा संवाद: रोज सात मिनिटं, परीक्षाकाळात ही सेवा बंद.' छापून फ्रिजच्या दाराला लावलं आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. इतकं देखणं वेळापत्रक मी डेपोतसुद्धा केलं नव्हतं.

अण्णांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. म्हणाले, "माझ्या बारा मिनिटांत दाढी धरलीय का?"

"दाढी एक दिवसाआड, अण्णा."

"मग मी आजपासून दाढी ठेवतो," असं म्हणून ते बाथरूममध्ये गेले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची फेरी चुकली." पहिल्याच सकाळी.

पण मी खचणाऱ्यातला नाही. व्याख्यानं दुप्पट वेगाने ऐकता येतात, असा शोध मला मुलीमुळे लागला. हे फार सोयीचं आहे. प्राध्यापक चिमणीसारखे बोलतात पण अर्ध्या वेळात संपतात. अडचण अशी की कान एकदा त्या वेगाला सरावले की घरची माणसं सहन होत नाहीत. अण्णा एखादी हकिकत सांगायला लागले की माझा अंगठा आपोआप बटण शोधायचा. "तर काय झालं, मी आपला बाजारातून..." एवढ्यावर मी म्हणायचो, "येत होतात, मग तो भेटला, मग त्याने ओळखलं नाही, पुढे?" अण्णा वर्तमानपत्र उघडायचे. काही दिवसांनी त्यांनी हकिकती सांगणंच बंद केलं. मला वाटलं, वेळापत्रक रुळलं.

त्यातच चर्चामंच नावाचं प्रकरण होतं. प्रत्येक विषयात दर आठवड्याला दोन सहाध्याय्यांच्या लिखाणावर प्रतिक्रिया द्यायची. चार विषय, म्हणजे आठ माणसांशी सहमत व्हायचं. मी एक वाक्य तयार करून ठेवलं: 'उत्तम मुद्दा. या दिशेने अधिक संशोधन व्हायला हवं.' ते सगळीकडे चालायचं. म्हणजे चालत होतं. मग एका बाईंनी लिहिलं की त्यांचा म्हातारा कुत्रा गेल्या आठवड्यात वारला म्हणून त्यांना स्वाध्याय उशिरा द्यावा लागतोय. त्याच्याखाली माझी सहमती गेली. वर्गातल्या कुणीही त्यानंतर माझ्याशी चर्चा केली नाही. पुढे डेपोत एका ड्रायव्हरच्या रजेच्या अर्जावरही मी तेच वाक्य लिहिलं. तो अर्ज फ्रेम करून विश्रांतीगृहात लावलाय, असं ऐकतो.

आता मुख्य घोटाळ्याकडे येतो. येताना पाय जड होतात, पण येतो.

त्या चार विषयांशिवाय नवीन विद्यार्थ्यांना एक छोटा परिचयवर्ग सक्तीचा होता. त्याचा स्वाध्याय असा: 'आपल्या आठवड्याचा आराखडा सादर करा.' मला हसूच आलं. हे म्हणजे माशाला पोहून दाखव म्हणण्यासारखं होतं. त्याच दिवशी डेपोच्या चार नवीन मार्गांचं वेळापत्रक छपाई विभागाकडे पाठवायचं होतं. दोन्ही फायली एकाच तक्त्यातल्या. एकीचं नाव 'नवीन वेळापत्रक अंतिम', दुसरीचं 'नवीन वेळापत्रक अंतिम खरं'. कुठलं खरं हे मला ठाऊक होतं. पण जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात, कानात दुप्पट वेगाचं संख्याशास्त्र घालून मी त्या धाडल्या. घरची फाइल छपाई विभागाकडे गेली, आणि डेपोची प्राध्यापकांकडे.

छपाई विभाग मजकूर वाचत नाही. त्यांचं धोरणच आहे ते. पुढे त्यांना विचारलं तेव्हा तिथले मुख्य म्हणाले, "साहेब, हल्ली थांब्यांना काहीही नावं देतात. मला वाटलं 'स्वयंपाकघर' हे नवीन हॉटेल असेल."

"आणि 'बाथरूम'?"

"फरशांचं दुकान."

तर आमच्या भागातल्या झाडून सगळ्या थांब्यांवर, जाड कागदावर, काचेच्या आत, माझ्या घराचं वेळापत्रक लागलं. खाली माझं नाव. नावापुढे प्रभारी.

तीन दिवस मला पत्ता नव्हता. मी पहिल्या चाचणीच्या तयारीत होतो. मग साहेबांनी बोलावलं. टेबलावर तक्रारींचा गठ्ठा. मला वाटलं, लोकांनी हे काय छापलंय म्हणून विचारलं असेल. छे! लोकांची तक्रार होती की गाड्या वेळापत्रकाप्रमाणे धावत नाहीत. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की बाल्कनीहून दाराकडे जाणारी सकाळची सेवा तीन दिवसांत एकदाही आलेली नाही. एका संस्थेने सात मिनिटांची संवाद सेवा वाढवावी अशी मागणी केली होती, ज्येष्ठ नागरिकांना तिची गरज आहे म्हणून. आणि सगळ्यांत लांब, मुद्देसूद तक्रार आमच्या वरच्या मजल्यावरच्या तपासनिसांची होती. ते घड्याळ घेऊन थांब्यावर उभे राहिले होते. 'मार्ग चार बाथरूम थांब्यावर बारा मिनिटं थांबतो असं नमूद आहे, प्रत्यक्षात गाडी फिरकतच नाही. संबंधित प्रभारीवर कारवाई व्हावी.'

"हे मार्ग चार म्हणजे कोण?" साहेबांनी विचारलं.

"वडील," मी म्हणालो.

साहेबांनी खिडकीकडे तोंड वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. हसताहेत की काय, हे विचारण्याची माझी पायरी नव्हती. मग ते म्हणाले, "छपाईतली चूक म्हणून मिटवतो. आजच्या आज कागद काढा."

स्वतः जाऊन काढले. एकेका थांब्यावर स्टुलावर चढून, काच सरकवून. एका थांब्यावर एक आजी म्हणाल्या, "राहू दे रे, चांगलं आहे. वाचायला होतं." मी तोही काढला. शेवटचा थांबा बायकोच्या शाळेसमोरचा होता. तिथे काचेच्या आत काही नव्हतं. कुणीतरी आधीच काढून नेलं होतं.

घरी आलो तर तो कागद टेबलावर, व्यवस्थित घडी करून ठेवलेला. बायको चहा घेत बसली होती. मी कपडे न बदलता समोर बसलो. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं होती.

"शाळेतल्या सगळ्यांनी वाचलं," ती म्हणाली. "त्याचं काही नाही. मुलांनीही वाचलं. सातवीतला एकजण विचारत होता, बाई, मार्ग दोन म्हणजे तुम्ही का? त्याचंही काही नाही."

"मी उद्याच सगळ्यांना सांगतो की..."

"मला बोलू द्या. अजून सात मिनिटं झाली नाहीत."

मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्हाला बोलायला काही सुचत नव्हतं. मग तुम्ही मला बसचं वेळापत्रक कसं करतात ते सांगितलंत. म्हणालात, नवशिके लोक गाडी पोचली की लगेच परत फिरवतात. मी तसं करत नाही. मी शेवटच्या थांब्यावर वेळ ठेवतो. उशीर झाला असेल तर तिथे भरून निघतो, नसेल तर ड्रायव्हर पाय मोकळे करतो. आठवतं?"

आठवत होतं. तेव्हा हा विषय काढल्याबद्दल मी घरी जाऊन कपाळावर हात मारून घेतला होता.

"मला ते फार आवडलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, अनोळखी ड्रायव्हरच्या पायांचा विचार करणारा माणूस आहे. आता हे बघा." तिने घडी उलगडली. "तुमच्या या अख्ख्या कागदावर कुणालाच कुठे थांबायला वेळ नाही. अण्णांना नाही, पोरीला नाही, तुम्हाला तर नाहीच. माझ्याकडे येणारी गाडी येते, इंजिन चालू ठेवते आणि निघते. ऑफिसात कायम व्हायचं म्हणून तुम्ही घरात प्रभारी झालात."

मला फार वाईट वाटलं. इतकं की काही विनोदी सुचेना, आणि मला कठीण प्रसंगी काहीतरी सुचतं. चहा पुढे आला तो मी प्यायलो. बायको तशीच बसून राहिली. ती उठून गेली नाही, एवढाच काय तो दिलासा.

तेवढ्यात मुलगी माझा लॅपटॉप घेऊन आली. "बाबा, परिचयवर्गाच्या स्वाध्यायाचे गुण आलेत. पैकीच्या पैकी!"

मी म्हटलं, वाच. तिने प्राध्यापकांचा शेरा वाचला: "इतका समंजस आराखडा या वर्गात प्रथमच पाहिला. प्रत्येक फेरीनंतर आपण विश्रांतीला वेळ ठेवला आहे, गर्दीच्या वेळी जादा सोय आहे, आणि उशीर होणार हे आधीच गृहीत धरलं आहे. आपल्याला हा अभ्यासक्रम जड जाणार नाही. फक्त एक शंका. आपण दर वीस मिनिटांनी भाजीबाजारात का जाता?"

बायकोने शेरा पुन्हा वाचायला लावला. भाजीबाजारापाशी तिचा चहा नाकातून आला. मग मुलगी हसली, मग आतून अण्णा, ज्यांना ऐकू येत नाही असं ते सोयीप्रमाणे सांगतात. शेवटी मीही हसलो. हसताना माझ्या ध्यानात आलं की माझ्याच हातच्या दोन कागदांपैकी शहाणा कागद बसगाड्यांसाठी होता आणि दुसरा माझ्या माणसांसाठी.

तीन विषय सोडायचे ठरवले. ठरवणं सोपं असतं. विषय सोडण्यासाठी आधी 'विषय कसा सोडावा' हा धडा पूर्ण करून त्यावरची चाचणी द्यावी लागते. मी धडा दुप्पट वेगाने ऐकला आणि चाचणीत नापास झालो. दुसऱ्यांदा सावकाश ऐकला. मग कारण निवडायचं: आजारपण, स्थलांतर, मृत्यू. मृत्यूपुढे सूचना होती, 'स्वतःचा असल्यास नातेवाइकांनी भरावे.' दारात उभे असलेले तपासनीस (तक्रारीचं पुढे काय झालं ते बघायला आले होते) म्हणाले, "एखादा मामा टाका. मामा कुणी तपासत नाही." मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं, 'घरात थांबायला वेळ हवा.' सल्लागार बाईंचं उत्तर आलं, मंजूर. खाली एक ओळ जास्तीची होती. कुत्रा वारलेल्या बाईंची क्षमा मागून घ्या, असं त्यांनी सुचवलं होतं. मागितली. त्यांनी कुत्र्याचा फोटो पाठवला. आता आम्ही संशोधन पद्धतीवर खरोखर चर्चा करतो.

राहिला एकच विषय, संशोधन पद्धती. त्या हिशेबाने पदवीला किती वर्षं लागतील हे मी साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. साहेबांनी या वेळी फायलीतून मान वर केली. "मग जागा दुसऱ्याला जाईल हो," ते म्हणाले. मी म्हटलं, ठाऊक आहे. म्हणणं सोपं नव्हतं, ते लपवत नाही. ती खुर्ची मला हवी होती. अजूनही तिच्यावरून नजर वळवताना थोडी मेहनत पडते.

वर्षअखेरीला नवीन प्रमुख आल्या. त्यांच्याकडे दोन मास्टर्स आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी चार नवीन मार्गांचं वेळापत्रक पाहून विचारलं, "शेवटच्या थांब्यावर इतका वेळ का ठेवलाय?" मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला लागलो. त्यांनी वही काढली. माझी पाटी टेबलावरून हलली होती, ती मी पिशवीत घालून घरी आणली.

बायकोने ती हातात घेऊन वाचली, पदराने पुसली आणि स्वयंपाकघरात ओट्याशेजारी खिळ्याला अडकवली. संध्याकाळचा चहा हल्ली मी करतो. अण्णा तिथेच स्टुलावर बसून बाजारातली हकिकत सांगतात, ती मूळ वेगात ऐकावी लागते, आणि तिचा शेवट मला वाटला होता तसा नसतो, हे मला नव्यानेच कळलं.

परवा चहा गाळताना मी पाटीकडे बोट दाखवून बायकोला विचारलं, "काय मग, इथे तरी कायम कधी करणार?"

तिने कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि खुर्चीत आरामात मागे रेलली.

"जागा राखून ठेवलीय," ती म्हणाली. "आधी काम बघू."